तू मागितलेले चार तास

प्रिय धाकटे,

तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. चार ओळींच्या पत्राला अठरा दिवस उत्तर नाही म्हटल्यावर तुला वाटलं असेल, दादा भाषणाची जय्यत तयारी करतोय. खरंच करत होतो. सूनबाईच्या फोनवर चार वेळा बोलून रेकॉर्ड केलं आणि चारही वेळा तिला ते पुसायला लावलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "बाबा, आयुष्यभर न अडखळता बोललात, आता काय परीक्षेला बसलात का?" तिला काय सांगणार? परीक्षाच होती, आणि पेपर तू काढला होतास.

तुझ्या ओळी मला पाठ झाल्या आहेत. हे रोज सकाळी उठून ड्युटीवर निघतात, म्हणून आता दाराला आतून कुलूप लावते आणि किल्ली गळ्यात घालते. प्रार्थनेला बसते, पण शब्द छताला लागून खाली पडतात. पूर्वीसारखा विश्वासावर एखादा संदेश बोलून पाठव, भांडी घासताना ऐकेन. एवढंच. तक्रार नाही, रडणं नाही. तू रडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते मला चाळीस वर्षं तोंडपाठ आहे.

जावईबापूंचं तू फोनवर सांगितलं होतंस ते आठवतं. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर, कधी कुणाला एका थांब्यापुरतंही फुकट नेलं नाही, आणि आता स्वतःचं नावही आठवत नाही. पण तिकिटं आठवतात. तू पोळ्या लाटत असताना मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, पुढे सरका, मधे गर्दी करू नका." तू हसत सांगितलंस, मीही खूप हसलो. फोन ठेवल्यावर मनात आलं, ज्याच्याबरोबर वीस वर्षं संसार केला त्याने आपल्याला ताई म्हणावं, आणि आपण पोळी तशीच टाकून पुढे सरकावं. हे तू किती वेळा केलं असशील?

आता माझ्या खोलीचं ऐक. तू ती पाहिलेली नाहीस, आणि का पाहिली नाहीस ते आता मला कळतं. घराला कुलूप लावून तुला निघता येत नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, चौपन्न पायऱ्या. अर्धांगवायूचा झटका आला त्याला चौदा महिने झाले. उजवा पाय गेला, हातात थोडा जीव आहे, कसंबसं लिहितोय. आवाज मात्र तसाच्या तसा राहिला. प्रभूची ही थट्टा मला बरेच महिने कळली नाही. पाय घ्यायचे आणि आवाज ठेवायचा! हजार माणसांच्या सभागृहात ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला पोचणारा आवाज, आणि ऐकायला एक सून. मुलगा बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. ती शाळेत गणित शिकवते, दुपारी येते, मला पुसते, चादर बदलते. मी सवयीने सहनशीलतेवर काही बोलू लागलो की म्हणते, "बाबा, उपदेश नंतर, आधी कूस वळा." खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने एकदा वर येऊन विचारलं, रोज अकरा वाजता तुम्ही कुणाला रागावता? मी प्रार्थना करत होतो.

खिडकीतून समोरची भिंत दिसते आणि एक पाण्याचा पाइप. पाइपला गंजाचे सात डाग आहेत. पुस्तकांचं कपाट पायाकडे आहे, हात पोचत नाही. सून शाळेत गेली की बाहेरून कुलूप लावते, कारण कुणी बेल वाजवली तर मी उठायला जातो आणि पडतो. दोनदा पडलोय. म्हणजे तुझं कुलूप आतून आणि माझं बाहेरून. हे लिहितानाही ते लागलेलंच आहे.

आता जे सांगायचं ते. आपल्या चर्चच्या मंडळीत घरी अडकलेल्यांना संदेशाच्या कॅसेट पोचवायची पद्धत मीच सुरू केली, तुला माहीत आहे. आजारी, म्हातारे, बाळंतिणी. आता कॅसेट राहिल्या नाहीत, सगळं एका लहानशा यंत्रात भरून देतात. आपला निवृत्त पोस्टमन अजून दर सोमवारी पिशवी घेऊन फिरतो. ती पिशवी आता माझ्याकडेही येते. कॅसेटवर फक्त नंबर, वक्त्याचं नाव नाही, हाही माझाच नियम. गौरव देवाचा, माणसाचा नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. माझ्या जागी आलेल्या नव्या पाळकाचा संदेश मी पाच मिनिटांत बंद करतो, पोरगा बरा आहे पण वाक्य संपवत नाही, म्हणून सूनबाईने यंत्र कपाटावर ठेवलं होतं. म्हणाली, आता ऐकाल पूर्ण.

त्या सोमवारी पोस्टमनने नंबर पाहून एक संदेश लावला, "साहेब, हा ऐका, उभारी येईल," म्हणाला आणि गेला. सून त्याच्याबरोबरच शाळेसाठी निघाली. बाहेर कुलूप पडलं. आणि यंत्रातून मी बोलू लागलो.

त्रेचाळीस नंबर. 'उठा' नावाचा माझा संदेश. पंचवीस वर्षांपूर्वीचा आवाज, अगदी तलवार. हात कपाटापर्यंत पोचत नव्हता. अठ्ठेचाळीस मिनिटं मी खाटेवर पडून होतो आणि मी मला सांगत होतो की देव पडून राहणाऱ्यांचा नाही, उठणाऱ्यांचा आहे. ज्याला विश्वास आहे त्याला कुठलंच दार अडवत नाही, अडवतं ते त्याचं मन. सभा आमेन म्हणत होती. संपल्यावर यंत्र आपोआप पुन्हा सुरू झालं. मी ओरडलो. बंद कर, असं माझ्याच आवाजात माझ्याच आवाजाला सांगितलं. शिंप्याने खालून छताला काठी ठोकली.

धाकटे, दुसऱ्या वेळी मला ती जागा ऐकू आली. पहिल्या वेळी मी तिच्यावरून तसाच पुढे गेलो होतो, जसा त्या दिवशी व्यासपीठावरून गेलो. सव्विसाव्या मिनिटाला मी म्हणतो, "एक बहीण मला म्हणते, दादा, उपासनेला यायचंय पण चार तास मोकळे मिळत नाहीत. आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास देवाने दिले, आणि बाईंना चार सापडत नाहीत!" आणि सगळं सभागृह हसतं. मी थांबून त्यांना हसू देतो. मला थांबायचं कुठे ते छान कळायचं.

मंडळीत सगळेच एकमेकांना बहीण म्हणतात, त्यामुळे कुणाला कळलं नाही. तुला आणि मला सोडून.

तू चोवीस वर्षांची होतीस तेव्हा आई खाटेला खिळली आणि ती गेली तेव्हा तू पस्तिशीत होतीस. मागची खोली, औषधांचा वास, दर दोन तासांनी कूस, मधेच तिची हाक. मी दोन गल्ल्या सोडून राहत होतो. तू अकरा वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस, एक रविवार, नऊ ते एक, कुणीतरी आईपाशी बसायला. तुला एकदा मंडळीत बसायचं होतं, इतरांबरोबर गायचं होतं, परतताना रमतगमत यायचं होतं. मंडळीत तीनशे माणसं होती. मी एकाला जरी म्हटलं असतं, तर दहा आली असती. एक रविवार मी बोललो नसतो तर आभाळ कोसळलं नसतं. मी तुला काय पाठवलं? कॅसेट. आणि पुढच्या महिन्यात, आणखी एक, त्रेचाळीस नंबरची. वक्त्याचं नाव नव्हतं, पण आवाज ओळखायला तुला नावाची काय गरज? तू ती ऐकलीस हे मला त्या सोमवारी कळलं, कारण त्यानंतर तू कधीच काही मागितलं नाहीस. आई गेली तेव्हाही खांदेकऱ्यांना पाणी तूच दिलंस. मी शोकसभेत सेवेवर बोललो. लोकांचे डोळे भरून आले होते.

आणि आता इतक्या वर्षांनी तू पुन्हा मागितलंस. या वेळी चार तास मागायचंही सोडून दिलंस, थेट कॅसेटच मागितलीस. माझ्याकडून तेवढंच मिळतं हे तुला पाठ झालंय. हे कळलं आणि मी फोन बाजूला ठेवला.

तरीही तू विश्वासाबद्दल विचारलं आहेस, आणि मी गप्प बसणारा माणूस नाही. म्हणून या खाटेवर जे खरं वाटलं तेवढंच सांगतो. माझा विश्वास गेलेला नाही. उलट इथे तो पहिल्यांदा माझ्या अंगाला लागला. मी आयुष्यभर सांगितलं की देवाचं काम दाराबाहेर आहे. रस्त्यावर, सभेत, चालणाऱ्या पायांत. मग इथे पडल्या पडल्या प्रभूचा विचार करू लागलो आणि लाज वाटली. तीस वर्षं तो एका लहान गावात लाकूड तासत होता, त्याचं कुणी काही लिहून ठेवलं नाही. मग तीनच वर्षं चालला, बोलला, बरं केलं. आणि सगळ्यात मोठं काम केलं तेव्हा त्याला हातसुद्धा हलवता येत नव्हता. खिळलेला होता, धाकटे. जगाचं तारण एका अडकलेल्या माणसाने केलं, आणि मी तुला सांगत होतो, उठ! आईच्या खोलीत तू जे अकरा वर्षं करत होतीस ते उपासना सुटल्याची भरपाई नव्हतं, ती उपासनाच होती. मला ती दिसली नाही, कारण तिथे टाळ्या नव्हत्या. शब्द छताला लागून खाली पडतात म्हणतेस. पडू देत. तो छताच्या वर बसलेला नाही. तो त्याच कुलपाच्या आत आहे, तुझ्याबरोबर, आणि त्याला घाई नाही.

पण हे एवढं सांगून मी थांबलो तर तीही कॅसेटच झाली. कारण मला आणखी एक आठवतं. पकडून नेण्याआधी, बागेत, त्याने मित्रांकडे काय मागितलं होतं? चमत्कार मागितला नव्हता, उपदेशही मागितला नव्हता. थोडा वेळ माझ्यापाशी जागे बसा, एवढंच. आणि ते झोपले. मी त्या मित्रांवर किती वेळा तुटून पडलोय व्यासपीठावरून. निदान ते बागेपर्यंत तरी गेले होते.

म्हणून गेल्या आठवड्यात मी नव्या पाळकाला बोलावून घेतलं. त्याला वाटलं, मी त्याच्या संदेशातल्या चुका काढणार. मी म्हटलं, बाबा रे, मला उचलून खाली न्यायचंय. धाकटे, तुला फोनवर सांगितलं होतं ना, दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी खुर्चीतून चढवलं, तेव्हाच मी शपथ घेतली होती की आता खाली जाईन तो थेट शेवटचाच. कुणी मला गाठोड्यासारखं उचलावं हे मला सोसत नाही. चौदा महिने मी दवाखान्यालासुद्धा गेलो नाही, डॉक्टरच वर येतो. पाळक काहीतरी अर्धवट वाक्य बोलला आणि यादी करायला लागला. एक वेल्डर, दोन हमाल, आणि चौथा म्हणे खालचा शिंपी. तो म्हणाला, यांना बाहेर न्यायला मी कधीही तयार आहे. काल त्यांनी रंगीत तालीम घेतली. चौपन्न पायऱ्या उतरून पुन्हा वर. मी डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्या वळणावर शिंपी म्हणाला, "साहेब, बोला काहीतरी, तुम्ही गप्प असलात की जास्त जड लागता."

तर हे पत्र एवढ्यासाठी. येत्या रविवारी मंडळीची गाडी मला घेऊन तुझ्या दाराशी येईल. पोस्टमन बरोबर असेल आणि तोही थांबेल, कारण त्याचे पाय चालतात आणि माझं तोंड. सूनबाईलाही त्या दिवशी सुट्टी आहे, ती कुठे जाणार हे मी विचारलेलं नाही. तुलाही विचारणार नाही. मंडळीत जा, बाजारात जा, एखाद्या बाकावर नुसती बस, मैत्रिणीकडे जाऊन झोप. मला स्वयंपाक येत नाही, उभं राहता येत नाही. पण बसता येतं. चौदा महिन्यांत तेवढं एकच नीट शिकलो. जावईबापू येऊन तिकीट मागतील, मी देईन. पुढे सरका म्हणाले तर पोस्टमन माझी खुर्ची पुढे सरकवेल. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचंय म्हणून सांगेन, आणि आईशपथ, एक शब्द उपदेश करणार नाही. पंचवीस वर्षं उशीर झालाय, त्याची माफी मी पत्रातून मागणार नाही, ती तोंडावर मागायची असते. तू फक्त एक कर. दार उघडलंस की आधी ती किल्ली स्वतःच्या गळ्यातून काढ आणि माझ्या गळ्यात घाल.

तुझाच,
रविवारी नऊ ते एक,
दादा