ब्रिजिदच्या सणाला दार ठोठावलं

बर्मिंगहॅम, २ फेब्रुवारी १९५४

प्रिय आईस,

मी बरी आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. खोकलाही जवळजवळ गेलाय.

परवा संध्याकाळी आम्ही संत ब्रिजिदचा सण केला. इथे लव्हाळे कुठले मिळायला! वाण्याकडच्या अंड्यांच्या खोक्यातलं गवत आणून क्रूस विणला. चालतं ना तसं? मग घरच्यासारखीच डोक्यावरून शाल घेऊन बाहेर गेले आणि तीनदा दार ठोठावलं. "गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिदला आत घ्या!"

आतून घरमालकीण ओरडली, "नोरीन, किल्ली पुन्हा विसरलीस ना, वेंधळे!"

आपल्या आयर्लंडच्याच, मेयोकडच्या हॅनामावशी याच घरात भाड्याने राहतात. त्या तिला म्हणाल्या, "गप्प बस गं बाई, संत आलीय दारात!" आणि मोठ्यांदा उत्तर दिलं, "ये माय, ये, घर तुझंच आहे." मला लगेच आत जाववेना.

आई, बाबा गेल्यापासून घरात आपण दोघीच. मी बाहेरून हाक मारायची, तू आतून उत्तर द्यायचीस. यंदा तू एकटी. म्हणून तुला न विचारता मी शेजारच्या ऊनाला पत्र लिहिलं आणि आपलं दार ठोठावायला सांगितलं. रागावू नकोस. ती आली होती का? तू उत्तर दिलंस ना?

आली नसेल तर तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नकोस.

तुझीच,
नोरीन