रिकाम्या तेराव्या ठोक्याचा वारस

मी, छगन हिलाल बागूल, वय ७१, धंदा बॅन्ड (आता बंद), राहणार शिंदखेडा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, स्वतःच्या मर्जीने आणि पुरत्या शुद्धीत लिहितो. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे: बुद्धी शाबूत, डावा कान अर्धा, उजवा बाद. उजव्या बाजूला माझ्या मुलाचा, दीपकचा, डीजे उभा असतो.

कलम १. राहतं घर पत्नी पुष्पाबाई हिच्या नावे, तिच्या पश्चात दीपकचं. बँकेतली ठेवही तिचीच. मात्र ती हयात असेपर्यंत डीजेची गाडी अंगणात उभी करून ‘चेकिंग’ करायचं नाही. मागच्या चेकिंगला देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पालथा पडला आणि शेजारच्या म्हशीने दोन दिवस दूध दिलं नाही.

कलम २. बॅन्डचे चौदा लाल कोट, सोनेरी झालरीसह, दीपकला. बॅन्डवाल्याला लोक शेवटच्या पंगतीला का होईना, बसवत होते. डीजेवाल्याला गाडीतच ताट देतात, कारण जेवायला मारलेली हाक त्याला ऐकू येत नाही.

कलम ३. माझ्या अंत्ययात्रेत डीजे नको. दहाव्याला कावळा शिवला नाही, तर माझी काही इच्छा राहिली असं कुणी समजू नये. दीपकच्या गाडीच्या धाकाने गावातले कावळे कधीच साक्रीकडे गेले आहेत.

कलम ४. नात ज्योत्स्ना पुण्यात शिकते. तिने दिवाळीत मला समजावलं की आपण वाजवतो त्याला टेक्नो म्हणतात. अमेरिकेत डेट्रॉईट नावाचं मोटारींचं शहर आहे. तिथल्या काही कृष्णवर्णीय तरुणांनी, कुणी विचारत नव्हतं अशी ताल-मशीनं स्वस्तात उचलली आणि नवं संगीत उभं केलं. पुढे बर्लिनची भिंत पडल्यावर ते तिथल्या बंद कारखान्यांत शिरलं. आमच्याकडे ते चालू रस्त्यावर आलं, एवढीच आमची प्रगती.

असंच एक मशीन मी १९९५ साली मुंबईहून जुन्यात आणलं होतं. एका ओळीत सोळा बटणं, एकेक ठोक्याला एकेक. त्यावर बसवलेल्या ‘छगन ताला’वर आज रावेरच्या केळीवाल्यांपासून साक्रीच्या हळदीपर्यंत सगळे नाचतात. त्यातला तेरावा ठोका रिकामा आहे आणि नेमक्या त्या जागी वरातीतला प्रत्येक जण खांदा उडवतो. दीपकच्या कॉम्प्युटरातही ती जागा रिकामीच आहे. या रिकाम्या जागेबद्दल माझे दोन सत्कार झाले. शाली मी घेतल्या. ज्योत्स्ना म्हणाली, “आबा, तुम्ही खान्देशचे डेट्रॉईट!”

कलम ५. ते सगळं खोटं आहे. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीची कलमं लिहिली.

तो ताल अभिमन भिका भामरे याचा. तो माझ्या बॅन्डमध्ये ढोल वाजवायचा. वरात निघेपर्यंत जीपच्या बॉनेटवर बोटांनी ताल धरायचा. त्याच्या डाव्या हाताची करंगळी कडबाकुट्टीत गेलेली. तेरावा ठोका त्या करंगळीचा. म्हणून तो रिकामा! अख्खा खान्देश तीस वर्षं एका तुटलेल्या करंगळीवर नाचतो आहे.

मी ते चोरून टेप केलं. रेडिओ दुरुस्त करणारे अय्युब यांनी ते ऐकून मशीनवर बसवून दिलं. तेव्हाच ते म्हणाले होते, “छगनभाऊ, त्याला विचारून घ्या.” मी विचारलं नाही.

साक्रीत एका लग्नाला मारुतीच्या पारासमोर मशीन पहिल्यांदा वाजलं. अभिमन थबकला. स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाला, “छगन्या, हाऊ ताल कोठला शे?”

मी म्हणालो, “जपानना शे.”

त्याने ढोल खांद्याला लावला आणि चालता झाला. मशीन आल्यामुळे काम गेलं म्हणून रुसला, असं मी गावभर सांगितलं. तेव्हापासून बाजारात भेटला की तो मला ‘छगनशेठ’ म्हणतो. त्यापेक्षा शिवी परवडली असती. मला केल्याची फार लाज वाटते आणि अभिमनची आठवणही फार येते.

म्हणून ते मशीन अभिमनला द्यावं. त्या तालाला यापुढे ‘अभिमन ताल’ म्हणावं आणि दीपकने तसं गाडीवर रंगवून घ्यावं. अभिमनने मशीन नाकारलं, तर त्याने मला माफ केलं नाही असं मी समजेन.

ज्याला काही द्यायचं त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये, नाहीतर देणं बाद होतं, असं वकीलसाहेबांनी बजावलं आहे. त्यामुळे अभिमनला आज फक्त ऐकायला बोलावलं आहे. तो आला आहे. दाराजवळ बसला आहे.

वरील मजकूर मोठ्याने वाचून घेतला, मला अर्धा ऐकू आला, पुरता मान्य आहे.

ठिकाण: शिंदखेडा
दिनांक: १८ जून २०२५
सही: छगन हिलाल बागूल

साक्षीदार:
१) अय्युब शेख रहीम, धुळे (सही)
२) रुपचंद नथ्थू पाटील, शिंदखेडा (नाव खोडले)
अभिमन भिका भामरे, साक्री (सही)

दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली स्वहस्ते लिहिलेला शेरा: मशीन माले नको, म्हणीसन सही करी. रिकामा ठोका मना शे, तो माले भेटी गया. मरानी घाई करू नको, छगन्या.