शिराळ्याची गाडी

शिवांजली बाळ,

मी सांगतीय, तुझी काकी लिहितीय.

अख्ख्या कुंडल गावाचे मोबाईल तू नीट करायचीस, म्हणून सांगलीच्या कॉलेजात सगळं सोपं जाईल असं तुला वाटलं. तिथं गृहपाठ कॉम्प्युटरवर करून पाठवायचा, ते तुला जमंना. वर्गात शेजारी बसणाऱ्या पोरीला विचारायची लाज वाटती, म्हणून कॉलेज सोडतीस व्हय?

मला अक्षर येत न्हाई. गाडी कुठली, हे जन्मभर लोकांना विचारलं. एकदाच विचारायला लाजले, तर भलत्याच गाडीनं शिराळ्याला जाऊन उतरले. तुझ्या बापाच्या साखरपुड्याला आईच न्हाई. घरात सांगितलं, गाडी बंद पडली. काकी लिहिता लिहिता हसतीय.

हे पत्र धाडणार न्हाई, उशाखाली ठेवतीय. ‘आजी, काय करू?’ म्हणून विचारलंस की देईन.

विचारून विचारून म्हातारी झालेली,
तुझी आजी राहीबाई