रोवणीची पुडी

सिहोरा, ४ जुलै १९७८
आजपासून दवाखाना माझा. मागचे डॉक्टर उन्हाळ्यात वारले. त्यांच्या खुर्चीत बसताना संकोच वाटला. घरमालक पुंडलिकराव आणि त्यांच्या पत्नी देवकाबाई यांनी वडाभात जेवू घातला. पुंडलिकरावांना पायाच्या अंगठ्याचा गाऊट होता, चादरही सोसत नसे. आता चपला घालून फिरतात. माणसं गोड. सगळ्यांचे चेहरे गोल, गाल लाल, एकाच घरातले वाटावेत असे. खातंपितं गाव आहे.

८ जुलै
भाताची रोवणी जोरात. दिवसभर चिखलात वाकलेल्या बायका संध्याकाळी येतात, पाठीसाठी पुडी मागतात. मागच्या डॉक्टरांनी डबा भरून ठेवलाय. त्यावर नाव नाही. झाडलोट करणारी बायजाबाई कित्येक वर्षं रोज घेते. म्हणाली, दुखनं कसं असते तेच मी इसरली. पण नाव नसलेलं औषध मी कसं द्यावं? पुडी सगळ्यांचीच बंद केली. डबा मोरीत ओतला, वर पाणी सोडलं. मन हलकं झालं.

११ जुलै
पुंडलिकराव लंगडत आले. म्हणाले, मागचा डॉक्टर मरेपर्यंत पुडी देऊन राहिला, तुम्ही जित्ते असून देत नाही. मी हसलो.
दुपारी बायजाबाई झाडता झाडता खाली बसली. तपासलं. पोटावर रुंद जांभळे पट्टे, दंडाची कातडी कागदासारखी. आणि तो गोल चेहरा. मी आल्या दिवसापासून पाहत होतो. पुडीत स्टेरॉइड होतं. वर्षानुवर्षं घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं. ते हळूहळू उतरवायचं असतं. एकदम तोडलं तर— हे मी परीक्षेत लिहिलं होतं.

१२ जुलै
बायजाबाई गेली. दिलेली गोळी उलटून पडली, मग नाडी लागेना. नवऱ्यानं माझे पाय धरले. तुम्ही होते म्हणून बरं झालं, म्हणाला. मी त्याला उठवून उभं केलं. पुडी मीच तोडली, हे का सांगितलं नाही?

१३ जुलै
नाला पुलावरून वाहतोय, तुमसरची बस बंद, औषध आणायची सोय नाही. पेटीत प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टेरॉइडचीच, एकच बाटली. गोळ्या तोडून वाटतोय. रोवणीतल्या दोघी भाताच्या बांधीतच आडव्या झाल्या.

१४ जुलै
ओसरीवर रांग. कुणी रागावत नाही. भिंतीला टेकलेले तेच गोल चेहरे, आता पांढरे. शेवटी सांगून टाकलं, हे सगळं पुडीनंच झालंय. देवकाबाई म्हणाल्या, मग पुडीच द्या ना बापा.

१५ जुलै
पाणी उतरत नाही. बाटलीत एक गोळी—
पुंडलिकराव म्हणतात, तिले द्या. देवकाबाई मान हलवून त्यांच्याकडे बोट दाखवतात. दोघांचे हात गार. अर्धी केली तर दोघंही जातील— न केली तर मीच ठरवायचं, कोण—
दोघं माझ्याकडे बघतायत. त्यांचा अजून विश्वास— मी गोळी—