आईचा ओला पदर

१० मार्च, रविवार. चौल.

आज जेवताना मी उगाच अक्कल पाजळली. माझ्या भावाने, नित्याने, परवा मित्रांबरोबर एलएसडी घेतलं आणि त्याला आई दिसली. पोफळीच्या वाडीत उभी, पदराचं टोक ओलं. दिवाळीत गेली ती. हे बाबांसमोर सांगायची काय गरज होती त्याला?

मग मी, औषधशास्त्राची मास्तरीण, सुरू झाले. ते मेंदूत सेरोटोनिनच्या जागी जाऊन बसतं, मग डोळ्यांना दिसणारं आणि मनात साठलेलं यांतला बांध फुटतो. आठवणच समोर उभी राहते. आई नव्हती ती, नित्या. हे शेवटचं वाक्य बोलायलाच हवं होतं का?

नित्या रडला. बाबांनी एवढंच विचारलं, "पदर वला व्हता?"

"व्हय."

वाडीचं शिंपण आईकडेच असायचं. पाटाचं पाणी या पोफळीकडून त्या पोफळीकडे वळवताना तिचा पदर भिजायचाच. ती गेल्यापासून बाबा वाडीत फिरकलेले नाहीत. शेंडे पिवळे पडलेत.

संध्याकाळी पंपाचा आवाज आला. जाऊन बघते तर बाबा पाटात उभे, हातात तिचं फावडं.

"बाबा, ती नुसती नशा होती. खरं नव्हतं ते."

"ठाव हाय गो," ते म्हणाले. "पन मी न्हाय शिंपलं, तर तिलाच यावं लागतंय ना."

मी फावडं मागितलं. दिलं नाही.