मर्गच्या रकान्यात केतन

२५ ऑगस्ट, सोमवार

केतनने अजून डोळे उघडले नाहीत. नागपूरचा डॉक्टर म्हणतो, थांबा. थांबूनच तर हे झालं!

नर्सने विचारलं, भावाला ॲक्सिडेंट झाला का? तिला समजावता समजावता जीव गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा. पांढुर्ण्याची माणसं ते तोडायला येतात, सावरगावची अडवतात, आणि दोन्ही काठांवरून गोटे चालतात. माझं माहेर पांढुर्ण्याच्या काठाला, सासर सावरगावच्या. ती म्हणाली, आणि पोलीस? म्हटलं, बंदोबस्ताला असतात.

केतन झाडापर्यंत पोचला होता. गोटा कानामागे बसला. डॉक्टरांचा कँप समोर होता, पण बाबांनी त्याला चंडीमातेची भभूत लावली आणि घरी आणलं. गोटमारीची जखम भभूतीने भरते — बाबांच्या कपाळावरच्या सगळ्या खुणा तशाच भरल्या म्हणे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं या माणसाने! केतन घरी येऊन हसला, जेवला. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, मग धावपळ.

ऋषिकेशनेच गाडी काढून नागपूरला आणलं. (तोंडावर अहो, इथे वहीत नुसता ऋषिकेश. एवढी तरी मुभा मला असू दे.) वाटभर आरशातून मागे केतनकडे बघत होता.

२७ ऑगस्ट

केतन गेला.

३० ऑगस्ट, शनिवार

लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवसांचं सुतक. ते फिटलं, जिल्हा पोलीस ऑफिसला कामावर आले. घरी बसून काय करू? भिंती खायला उठतात.

नागपूरहून पोस्टमॉर्टेमचे कागद आले होते. शेजारी बसणाऱ्या तृप्तीने माझ्या टेबलावरून गुपचूप उचलले आणि केतनची नोंद स्वतःच्या कॉम्प्युटरवर केली. चहा आणून ठेवला. बरं केलं.

१ सप्टेंबर

गुन्ह्यांचा महिन्याचा तक्ता. पांढुर्णा नवा जिल्हा झाला तेव्हा छिंदवाड्याहून हट्टाने बदली करून घेतली होती, माहेर-सासर दोन्ही हाताशी येतं म्हणून. तेव्हापासून हेच काम. आडव्या ओळीत ठाणी — सौंसर, मोहगाव, लोधीखेडा, पांढुर्णा. उभ्या रकान्यात हत्या, हत्येचा प्रयत्न, मारपीट, चोरी. आणि एक रकाना मर्ग. म्हणजे माणूस मेला, पण गुन्हा नाही.

रामाकोन्याची साप चावलेली बाई त्या रकान्यात. मोहगावच्या विहिरीत पाय घसरून पडलेला म्हातारा त्याच रकान्यात. माझा भाऊ पण तिथेच. आकड्याला चेहरा नसतो, बेरीज झाली की साप, विहीर आणि केतन सारखेच. हत्येसमोर पांढुर्ण्याला मीच शून्य टाकलं. मारपिटीतही गोटमारीच्या दिवसाचं काही नाही. हजारभर माणूस पट्ट्या बांधून फिरत होता आणि जिल्हा शांत!

मी बडे बाबू यशवंतरावांकडे, आमच्या हेडक्लार्ककडे, गेले. म्हटलं, याला गुन्ह्यात घ्या. भला माणूस आहे, चिडला नाही.

"घेऊ न मॅडम. फिर्यादी आना. कोनं मारला त्याचं नाव आना. गोटमारीत फिर्याद कोन करते? तुमचे बाबा करते का?"

मी म्हटलं, करतील.

४ सप्टेंबर

बाबा करत नाहीत.

ओसरीत बसले होते, दाढी वाढलेली. मी म्हटलं, "फिर्याद द्या बाबा. बापाने दिली तर घ्यावीच लागते."

"कोणावर?"

"ज्याने मारला त्याच्यावर."

"माह्या हातचे गोटे कितीक जणाइले लागले, रजनी. कोणी माह्यावर केली का फिर्याद?"

"ते मेले नाहीत, बाबा."

"तुले काय मालूम?"

आई आतून म्हणाली, "जाऊ दे न व. पोरगा वापस येते का त्यानं?" ताट न घेताच उठून आले. येताना पुलावर थांबले नाही, नदीकडे बघितलंही नाही. मला बाबांचा राग येतो आणि राग आला की त्यांचे कोरडे ओठ आठवतात. मग स्वतःचाच राग येतो.

६ सप्टेंबर

कोर्टाचे आकडे भरले. दोषमुक्त, दोषमुक्त, लंबित, दोषमुक्त. साक्षीदार पलटले, दुसरं काय. तृप्ती म्हणाली, "बाई, नाव भेटलं तरी साक्ष कोण देईन? इथं हरेकाची पोरगी नदीपार देलेली हाय."

मी पण नदीपार दिलेलीच.

८ सप्टेंबर, सोमवार

तेरवी झाली. ऋषिकेश नसता तर काय झालं असतं कोण जाणे. पहाटेपासून राबत होता. पाण्याचे ड्रम, पंगती, खरकटं, सगळं त्याने ओढलं. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, जावई नाही हो, पोरगाच. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर रडायला लागला. लग्नाला सात वर्षं होतील, त्याला रडताना पाहिलं नव्हतं. आता वाटतं, माझ्या बाजूचं कोणी उरलं असेल तर तो एकटाच.

केतनचा दोस्त रोहित भेटला. झाडाजवळच होता तोही. मोबाइलवर सगळ्यांनी व्हिडिओ काढले होते. म्हटलं, शोध. सावरगावच्या काठावरून गोटा कोणी भिरकावला ते दिसेल. तो पायाकडे बघत म्हणाला, "पाहून सांगतो, ताई."

नाव काढल्याशिवाय मी राहणार नाही. बाबांनाही तसंच सांगून आले — नाव हातात दिलं तर ठाण्यात याल ना?

१० सप्टेंबर

रोहित फोन उचलत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी लेकीची, नेहाची, वेणी घालत होते. ऋषिकेश मंडीत जायला निघाला, गाडीला किल्ली लावली, मग उतरून परत आला. नेहाला म्हणाला, आजीजवळ जा. ती गेली. तो दारातच उभा.

"रोहितले फोन करू नको."

"काऊन?"

"तो बिचारा काय सांगीन तुले. गोटा माहा होता."

माझ्या हातात कंगवा होता, तो तसाच.

"झाडाजवळ कोण हाय ते दिसून नव्हतं राह्यलं. डोक्याले दुपट्टा गुंडाळलेला. मी नेम धरून मारला, रजनी. खोटं नाही सांगत. पडला अन् दुपट्टा सुटला, तवा दिसलं." मग म्हणाला, "दे माहं नाव. मी नाही म्हणनार नाही."

गाडी सुरू करून गेला. मंडीत गेला! संत्र्याच्या पेट्या मोजायला! मी ऑफिसला गेले. जाऊन बसले. तृप्ती दोनदा म्हणाली, तब्येत बरी नाही का.

१२ सप्टेंबर

नेम धरून मारला म्हणतो. म्हणजे हत्येचा रकानासुद्धा त्यानेच सांगितला.

आणि त्याच हातांनी केतनला उचलून गाडीत घातलं. त्याच हातांनी तेरवीचं पान वाढलं. मी कालपासून त्याच्या हातांकडे बघते आहे. त्याचा तिरस्कार वाटतो. नेहा त्याच्या मांडीवर बसते तेव्हा तिला ओढून घ्यावंसं वाटतं, आणि ती हसली की मी गप्प बसते. त्याचं नाव दिलं तर पोरीचा बाप तुरुंगात. नाही दिलं तर केतन सापाच्या शेजारी कायमचा. तिसरा रस्ता असता तर एवढ्या वर्षांत कोणीतरी काढला असता.

गोटमारीच्या दिवशी मी आमच्या गच्चीवर होते. खालच्या काठावरून सुटणाऱ्या प्रत्येक गोट्याला आमच्या गल्लीतल्या बायका ओरडून चेव देत होत्या. मी पण ओरडत होते.

१५ सप्टेंबर, सोमवार

बाबा आले. दाढी केलेली, धुतलेला सदरा. पोरीच्या सासरी पाणीसुद्धा न पिणारा माणूस खुर्चीवर टेकून बसला. म्हणाले, "तुह्या आईनं दोन दिवसांपासून अन्न सोडलं. म्हणते, फिर्याद करा. मलेही पटलं. चाल, ठाण्यात जाऊ. नाव भेटलं का तुले?"

ऋषिकेश पाण्याचा पेला घेऊन आला आणि तसाच उभा राहिला.

मी म्हटलं, नाव काही कळलं नाही, बाबा. तुम्ही जेवून जा.