अकरा शिंका आणि सहा किलोचं यंत्र

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्यावर झालेल्या एका घोर अन्यायाची कुठेतरी नोंद राहावी म्हणून हे पत्र. गेल्या आठवड्यात प्रार्थनागृहात सामुदायिक मौन चालू असताना मला ओळीने अकरा शिंका आल्या. तीन-चार शिंका लोक माफ करतात. सातवीला पुढच्या बाकावरच्या आजोबांनी मान वळवली, नववीला कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला आणि अकराव्या शिंकेनंतर मौन सहा मिनिटं आधीच आवरतं घ्यावं लागलं. चारशे माणसांचं परमेश्वराशी चाललेलं बोलणं माझ्या एकट्याच्या नाकाने तोडलं. बाहेर चपला घालताना लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर मी आजवर फक्त लग्नात आहेर न आणणाऱ्यांच्या वाट्याला आलेली पाहिली आहे.

दोष नाकाचा नाही, गालिच्याचा आहे. म्हणून निघता निघता दाराजवळच्या सूचनावहीत मी एक ओळ लिहिली: ‘येथील गालिचा झाडूने नव्हे, निव्वळ श्रद्धेने झाडला जातो असे दिसते.’ ओळ बरी उतरली होती, हे तूही कबूल करशील. चिटणीसांनी ती मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचली, सगळ्यांनी माझं अक्षर ओळखलं, ते पोट धरून हसले आणि हसू ओसरल्यावर व्हॅक्यूम क्लीनर निवडायचं काम माझ्याच गळ्यात मारून मोकळे झाले. घरगुती नव्हे, मोठ्या जागांसाठी असतो तसला. २८ तारखेच्या बैठकीत कोणता घ्यायचा ते सांगायचं आहे.

मी एका दुकानात जाऊनही आलो. विक्रेत्याने सतरंजीवर वाटीभर वाळू आणि मूठभर खिळे ओतले, यंत्र सुरू केलं, आणि क्षणात सगळं गायब. दोन मोटारी, ऐंशी लिटरची टाकी, आवाज विमानाचा, रूप छोट्या रणगाड्याचं. माझं जवळजवळ ठरलंच आहे. पण एकतीस वर्षं एका अख्ख्या इस्पितळाची सफाई तुझ्या हाताखाली चालली. तुला न विचारता पुढे गेलो तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

हिचा नमस्कार. लोभ आहेच, त्यावर धूळ बसू देऊ नये.

तुझा,
शिंक्या


९ जानेवारी

चि. शिंक्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन मी उचलते. पण फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता बोलतोस. कागदावर मध्येच तोंड घालता येत नाही, म्हणून मला कागद बरा.

तुझी ओळ वाचली. हसू आलं, खोटं कशाला बोलू? मग मनात आलं, तो गालिचा झाडतं कोण? अख्ख्या पत्रात तुझं नाक आहे, आजोबांची मान आहे, विक्रेत्याचे खिळे आहेत. झाडणारं माणूस कुठेच नाही. यंत्र काय स्वतः चालत जाणार आहे?

तुमच्या प्रार्थनागृहात लोक खिळे सांडतात का? नसतील सांडत, तर तो खेळ विसर. मला पुढची माहिती पाठव, आणि अंदाजपंचे नको, टेप लावून. यंत्र चालवणाऱ्या माणसाची उंची. बाकाच्या खालच्या फळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर, कारण तोंड तिथे शिरलं नाही तर यंत्र फक्त वाटेतच फिरणार. विजेचे सॉकेट किती आणि कुठे. वर सज्जा आहे ना, त्याच्या पायऱ्या किती. आणि दिवसात सभागृह पूर्ण रिकामं कधी असतं. मला आठवतं त्याप्रमाणे तिथे कुणी ना कुणी डोळे मिटून बसलेलंच असतं. त्यांच्या कानाशी तू विमान उडवणार आहेस.

आणि सगळ्यात आधी, धूळ कसली आहे? तू चष्म्याचं दुकान चालवतोस. गिऱ्हाईक दारात आलं की डोळे न तपासता त्याच्या नाकावर चष्मा ठेवतोस का? चिमूटभर धूळ कागदाच्या पुडीत घालून पाठव. हसू नकोस.

गुडघे बरे आहेत. सुनेने मला चालायला बूट आणलेत, त्यांत मी पोस्टमनसारखी दिसते. आपला लोभ मापात नसावा, बाकी सगळं मापात कळवावं.

तुझी,
ताई


१४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टेप घेऊन गेलो. बाकाखाली चौदा सेंटिमीटर. रणगाड्याचं तोंड एकोणीस. सज्जाला सतरा पायऱ्या, त्याही वळणाच्या. सॉकेट दोनच, एक दाराशी आणि दुसरं थेट व्यासपीठामागे, म्हणजे मधल्या पट्ट्यात वायर पोचेल की नाही याची शंका. सभागृह पूर्ण रिकामं कधीच नसतं. मी तीन दुपारी मुद्दाम जाऊन बसलो, दर वेळी निदान पाच जण होते. त्यांतला एक घोरत होता, पण तोही डोळे मिटूनच.

झाडणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. एकोणीस वर्षं त्या तिथे आहेत आणि त्यांचं वय, घर, गाव यांतलं मला काहीही माहीत नव्हतं. उंची मोजायची म्हटल्यावर त्या निमूट खांबाला टेकून उभ्या राहिल्या. चार फूट दहा इंच. रणगाड्याचं माहितीपत्रक दाखवलं, तर चित्राकडे बराच वेळ बघून त्यांनी एवढंच विचारलं, की हे वर सज्जात कोण नेणार. वजन सत्तावीस किलो आहे. मी पत्रक घडी करून खिशात घातलं.

मग जे कळलं ते लिहायला हात चालत नाही. चिटणीसांनी एका ठेकेदाराशी बोलणं केलंय. यंत्र आलं की चालवायला माणूसही त्याचाच येणार आणि मावशींना महिनाअखेर निरोप. कारण म्हणून मंडळाच्या कागदात माझी ती ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली आहे. मावशींना वाचता येत नाही. पण कचेरीतल्या कारकुनाने त्यांना ती वाचून दाखवली, बहुधा हसत हसत.

आणखी एक. मी बसतो त्या बाकाजवळची खिडकी नेहमी उघडी असते. मला वाटायचं ती तशीच आहे, खिळखिळी. पण गेले दोन आठवडे ती बंद आहे. कारकुनाला विचारलं, तर तो म्हणाला, की तुम्ही शिंकता म्हणून मावशीच ती रोज तुमच्या वेळेला उघडून ठेवायच्या.

सोबत धुळीची पुडी. भिंगाखाली पाहिली. तंतू नाहीत, केस नाहीत, माती नाही. पिवळसर, बारीक, कोरड्या चुऱ्यासारखी. फुलांचा पराग म्हणावा तर आवारात फुलझाड नाही. मला खरंच आता उत्सुकता लागून राहिली आहे. दिवसभर गिऱ्हाइकांच्या चष्म्यांवरही तोच पिवळा कण शोधतोय.

रागावलीस तरी उत्तर धाड, उगाच जीव टांगणीला ठेवू नये.

तुझा,
शिंक्या


१९ जानेवारी

चि. शिंक्यास,
अनेक आशीर्वाद.

पुडी पोचली. बोटांत चोळली, तर आधी कोरडी लागली, मग चिकट. पाण्यावर टाकली, तरंगली. चमच्यात घेऊन गॅसवर धरली, तर अख्ख्या घराला जळक्या रबराचा वास सुटला. सूनबाई धावत आली, तिला वाटलं कुकरची रिंग जळाली.

ही बाहेरची धूळच नव्हे. गालिच्याखाली मऊपणासाठी फोमचा थर घालतात, तो म्हातारा झाला की त्याचं पीठ होतं. चारशे माणसं त्यावर पाय ठेवतात, पीठ विणीतून वर येतं. सकाळी कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा हजर. देवाने स्वतः झाडलं तरी हेच. आणि तुझा रणगाडा लावलास तर तो हे पीठ खालून अजून जोरात वर ओढेल आणि त्याची गाळणी जाड असेल तर मागच्या बाजूने हवेत सोडेल. मग अकरा शिंकांवर भागायचं नाही.

मला हे कसं माहीत, तेही सांगते. घरात कुणालाच सांगितलेलं नाही. इस्पितळात लहान मुलांच्या खोलीला असाच गालिचा होता. रोज पिवळी पूड. तिथे झाडणारी एक बाई होती, तिला मी सगळ्यांसमोर नको ते बोलले, कामचुकार म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली. चौथ्या दिवशी पलंग सरकवताना गालिच्याचा कोपरा उलटला आणि खाली सगळा भुगा. मी तिला निरोप पाठवला, की कामावर ये, चूक तुझी नव्हती. ती आली नाही. निरोप दुसऱ्याच्या तोंडून पाठवला, हे माझं चुकलं. मी स्वतः जायला हवं होतं. बावीस वर्षं झाली.

व्यासपीठामागचा कोपरा उचलून बघ. एकटा नको, मावशींना बरोबर घे.

पुढचं पत्र लवकर यावं, एवढं मागायचा मोठ्या बहिणीला हक्क असावा.

तुझी,
ताई


२३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू बसल्या जागेवरून बरोबर सांगितलंस. पोस्टमनचे बूट तुला शोभतातच, पण तुझं खरं खातं पोलिसाचं होतं.

दुपारी मावशींना घेऊन व्यासपीठामागे गेलो आणि कोपरा उचलला. खाली फोम नव्हताच, फोमची आठवण होती. बोट लावलं की रवा. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो आणि मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना नवल वाटलंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी हाच कोपरा उचलून चिटणीसांना सांगितलं होतं. पण गालिचा चिटणीसांच्या कैलासवासी सासऱ्यांनी दिलेला. त्याला हात लावायचा नाही, उचलायचा तर नाहीच, असं उत्तर मिळालं. तेव्हापासून त्या दिवसातून दोनदा झाडतात, एकदा ठरलेलं आणि एकदा आपल्या मनाने.

मी विचारलं, की मग मला का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, तुम्ही वहीत लिहिणारे, विचारणारे कुठे होतात? ताई, मी एवढी वर्षं दुसऱ्यांना लागेल असं लिहीत आणि बोलत आलो. मला इतकं नेमकं कधीच जमलं नाही.

बैठक पाच दिवसांवर आहे. चिटणीसांना त्यांच्या सासऱ्यांबद्दल काय सांगू? आणि यंत्र कोणतं म्हणू?

घाईत आहे, त्यामुळे नमस्कार तेवढा पूर्ण समजावा.

तुझा,
शिंक्या


२५ जानेवारी

चि. शिंक्यास,
आशीर्वाद.

कार्डावर जागा कमी आहे. यंत्र सात किलोच्या आतलं. पिशवीचं, टाकीचं नको. गाळणी बारीक कण अडवणारी. तोंड बाकाखाली जाणारं, वायर पंधरा मीटरची. आवाज एवढाच, की शेजारी बसलेल्याची प्रार्थना चालू राहावी. दोन-तीन मागवून मावशींच्या हातात दे आणि आपण गप्प बस.

चिटणीसांना सांगू नकोस, कोपरा त्यांनाच उचलू दे. सासरे गालिच्यात आहेत, फोममध्ये नाहीत, एवढं त्यांच्या ध्यानात आलं की पुरे. आणि विनोद करू नकोस. एकसुद्धा.

ताई


२९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एकही विनोद केला नाही. त्यामुळे मंडळींना माझी तब्येत बरी नाही असं वाटलं.

बैठकीआधी मी सगळ्यांना व्यासपीठामागे नेलं आणि चिटणीसांना कोपरा धरायची विनंती केली. त्यांनी तो अगदी हळू उचलला, सासऱ्यांची शाल उचलावी तसा. खालचं बघायला ते आणखी वाकले. मग त्यांना शिंक आली. एक, दोन, तीन. मी मनातल्या मनात मोजत होतो, पण ओठ घट्ट मिटून. पाचवीनंतर ते सावरले आणि विचारू लागले, की गालिचा तोच ठेवून खालचा थर नवा घालता येईल का. येईल म्हणालो. हे आपल्याला आधी कुणी का सांगितलं नाही, असंही त्यांनी विचारलं. मावशी दारापाशी उभ्या होत्या. मी सांगितलं, की चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि कोणी सांगितलं तेही सांगितलं. चिटणीसांनी कोपरा हलकेच खाली ठेवला. ठेकेदाराचा विषय बैठकीत निघालाच नाही. मावशींचं काम आहे तसंच चालू.

मग यंत्रं. तीन मागवली होती. विक्रेत्याने वॅट सांगायला सुरुवात केली, मावशींनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. पहिलं बाकाखाली अडकलं. दुसरं चांगलं चाललं, पण त्याची पिशवी उघडून बघता येत नव्हती, बंदच फेकायची. मावशींना ते चालेना. गुडघे टेकून बसलेल्यांची बटणं, कानातलं, कानाच्या यंत्राच्या बारक्या बॅटऱ्या, सगळं गालिच्यात पडतं, आणि आजवर त्यांनी ते झाडण्याआधी हाताने वेचून ज्याचं त्याला दिलंय. तू आणि मी दोघांनीही हे मोजलं नव्हतं. तिसरं यंत्र त्यांनी घेतलं. सहा किलो, पिशवी उघडणारी. पाच जण डोळे मिटून बसलेले असताना त्यांनी मधली वाट साफ केली. घोरणारे गृहस्थ जागे झाले नाहीत. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र विक्रेत्याकडेही नव्हतं.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते. सगळे गेल्यावर मी दाराजवळची वही उघडली. माझ्या ओळीखाली थोडी जागा होती. तिथे लिहिलं: ‘वरील तक्रार चुकीची आहे. धूळ गालिच्याखालच्या कुजलेल्या फोमची होती. मावशींच्या कामात कसूर नव्हती आणि नाही.’ खाली सही केली. पहिल्या ओळीला सही नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं.

तुझ्या त्या बाईचं मनात होतं, म्हणून निरोप ठेवला नाही. वही घेऊन मावशींकडे गेलो आणि आधी वरची, मग खालची ओळ वाचून दाखवली. वायर गुंडाळत त्यांनी ऐकलं. वरची ओळ त्यांना पाठ होती. खालची पुन्हा वाचायला सांगितली, सावकाश. मी सावकाश वाचली. त्यांनी मान हलवली आणि यंत्र उचलून सज्जाकडे निघाल्या. मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, राहू द्या, सहाच किलो तर आहे.

मी वही जागेवर ठेवली आणि घरी आलो. जमलं तर तूही त्या बाईंचा पत्ता शोध. लोभ असेल तसाच राहू दे, धाकट्याने आगाऊपणे सल्ला दिला तरी.

तुझा,
शिंक्या